बाबांची धाव आणि आईचं चालणं

प्रिय आई, बाबा,

जोरात पळणं चांगलं की रोजचं चालणं, यावरून काल फोनवर तुमचं जुंपलं ते ऐकलं आणि लिहायला बसले. बोलून सांगितलं की बाबा 'बरं' म्हणतात, आई 'बघू' म्हणते, आणि विषय तिथेच राहतो.

बाबा, तुम्ही मैदानावर जीव खाऊन पळायला लागलात हे ऐकून आधी आनंद झाला, मग पोटात गोळा आला. चार मिनिटांत तासाभराचा व्यायाम होतो, हे तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतलं म्हणणं निराधार नाही. संशोधक इझुमी ताबाता यांचा जपानमधला प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. सहा आठवड्यांत प्रयोगातल्या मुलांचा दमसास आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने व्यायाम करणाऱ्यांच्या तोडीने वाढला, शिवाय झटक्याची ताकदही वाढली. पण ती मुलं विशीतली, खेळाडू होती आणि जागेवरच्या सायकलवर बसलेली होती. त्यांच्याही आठवड्यात एक दिवस अर्धा तास बेताच्या गतीचा होता, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. सायकलवर पाय जमिनीवर आदळत नाही. वेगात पळताना मात्र मांडीच्या मागच्या स्नायूवर आणि टाचेवरच्या शिरेवर सगळा ताण येतो. माझी पोटरी अशीच भरली होती. उत्साहात आठवड्यातून चार दिवस वेगाचं पळणं केलं आणि दीड महिना जिना उतरणंही जड गेलं. तुमच्या वयात ती दुखापत भरून यायला आणखी वेळ लागेल.

लहानपणी तुम्हीच मला एमिल झाटोपेकची गोष्ट सांगायचात. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही जिंकल्या. तो ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारायचा, पण दोन फेऱ्यांच्या मधे हळू पळायचा. तो हळू भाग तुम्ही गाळलात, बाबा.

आई, आता तुझं. तुझ्या रोजच्या चालण्याने पाया पक्का झालाय. संथ आणि लांब श्रमाने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. पण त्याच गतीची सवय झाली की शरीर पुढे बदलत नाही. मी दोन वर्षं रोज तेच अंतर त्याच वेगाने पळले आणि होते तिथेच राहिले. शिवाय वयाबरोबर आधी झिजतात ते स्नायूंतले वेगाचे तंतू. पाय अडखळला तर तोल सावरतात ते हेच. म्हणून तुलाही थोडा वेग हवाच.

मला तुम्हा दोघांसाठी पटलं ते जपानच्याच शिन्शू विद्यापीठातलं काम. हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या आसपासच्या माणसांना तीन मिनिटं झपाझप आणि तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस चालायला लावलं. पाच महिन्यांनी त्यांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास एका गतीने चालणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला होता, रक्तदाबही उतरला होता. सगळं अर्ध्या तासात, आणि पळणं अजिबात नाही.

तर चार दिवस हे दोघांनी मिळून करायचं. उरलेल्या दिवशी आईने तिचं लांब चालणं चालू ठेवावं, बाबांनी हळू धावावं. झपाझप चालताना एक वाक्य तुटत तुटत बोलता यावं, सावकाश चालताना गप्पा मारता याव्यात, हेच माप. बाबा, मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं, त्यावर जाऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. तुमची गोळी त्यातली आहे का, हे डॉक्टरांना विचारा, आणि स्ट्रेस टेस्टचंही, म्हणजे श्रम करताना हृदय तपासतात त्याचंही, त्याच वेळी बोला. ते हो म्हणेपर्यंत जोरात पळणं बंद. नंतरही पळायचंच असेल तर हलक्या चढावर पळा. चढावर वेग आपोआप कमी राहतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूला कमी हिसका बसतो.

शनिवारी मी येतेय. पहिल्या दिवशी वेळ मी मोजेन. आई, तुझ्या बुटांच्या तळव्यांचा फोटो आजच पाठव. मागच्या वेळी टाचेकडे झिजलेले वाटले होते, नवे घेऊनच येते.

तुमची,
मनू