वाळूच्या उबेचीही नोंद व्हावी : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मेंडेलचे वाटाणे, एक्स आणि वाय गुणसूत्रं, मुलगा की मुलगी हे कसं ठरतं, हे सगळं वर्गात फळ्यावर काढते. मग मार्चमध्ये मुलांना किनाऱ्यावर कासवांची पिल्लं पाहायला नेते आणि तिथे सांगते, की फळ्यावरचा तो नियम इथे चालत नाही.

आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाला लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नसतात. अंडी साधारण पन्नास दिवस वाळूत असतात. त्यातल्या मधल्या काळात वाळू किती तापली, यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. तिशीच्या आसपासच्या तापमानाला दोन्ही निपजतात. वाळू थोडी गार राहिली तर नर वाढतात, तापली तर माद्या.

हे कसं घडतं, याचा एक मोठा धागा २०१८ साली हाती आला. प्रयोग आपल्या रिडलेवर नव्हे, गोड्या पाण्यातल्या लाल कानाच्या कासवावर झाला होता. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर काही रासायनिक खुणा असतात. गारव्यात एक विकर (एन्झाइम) त्यातली एक खूण पुसतं, नर घडवणारं जनुक जागं होतं आणि वृषण तयार होतात. शास्त्रज्ञांनी हे विकर दाबून टाकलं, तेव्हा गारव्यातल्या बहुतेक गर्भांमध्येही अंडाशय तयार झाले. जनुकाचं एक अक्षरही न बदलता! एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. वेळासला २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जात. आज गावोगावचे कासवमित्र पहाटे काळोखात पुळणीवर फिरतात, कुत्रे-कोल्हे पोचण्याआधी अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, हॅचरीत, पुरतात. त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत.

पण मादी अंडी घालून निघून जाते, पिल्लांसाठी मागे ठेवते ती फक्त जागा. कुणी भरतीरेषेजवळ ठेवते, कुणी सुरूच्या सावलीत, कुणी उघड्या उन्हात. सगळी घरटी आपण एका कुंपणात आणली, की तो वेगवेगळा वारसा एकाच उबेचा होतो. अंडी वाचवताना आपण नकळत पिल्लांचं लिंगही ठरवत असू, याची मला मनापासून काळजी वाटते.

मी नेहमी जाते त्या हॅचरीच्या नोंदवहीत तारीख आहे, अंड्यांची संख्या आहे, सोडलेली पिल्लं आहेत. तापमानाचा रकाना नाही. पिल्लू बाहेरून पाहून नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून इजा न करता अंदाज बांधायचा तर वाळूचं तापमान हाच सोपा मार्ग. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या, अजून वयात न आलेल्या हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या, हे २०१८ सालीच समोर आलं. आपली पिल्लं वयात यायला दहा वर्षांहून जास्त लागतात. आजची चूक दिसेल तेव्हा आपण दोघंही या कामात नसू.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक हॅचरीत अंड्यांच्या खोलीवर, म्हणजे साधारण दीड फुटावर, तापमान नोंदवणारी यंत्रं बसवावीत. ती वाचायला कासवमित्रांनाच शिकवावं आणि नोंदी सर्वांना पाहता याव्यात. वाळू फार तापते असं दिसलं, तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने वर माडाचे झाप घालता येतील. मोजल्याशिवाय मात्र सगळीकडे सावली करू नये. आंधळेपणाने गार करणं हीही तितकीच मोठी ढवळाढवळ आहे.

आमच्याकडे नोव्हेंबरपासून माद्या किनाऱ्याला लागतात. कुंपणाचे खांब रोवले जातील, तेव्हाच ही यंत्रंही वाळूत जावीत, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
दापोली तालुक्यातील एक विज्ञानशिक्षिका