बिल्ल्यावर नाव, दगडावर नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या महायुद्धावरचा लेख वाचला. ‘ती लढाई आपली नव्हतीच’ असं लेखकाने एका ओळीत सांगून टाकलं आणि गाडी थेट व्हर्सायच्या तहावर नेली. आपली नव्हती हे खरंच. पण आमच्या घरात त्या युद्धातल्या शिपायाला सरकारने दिलेला एक चांदीचा बिल्ला (पदक) आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या आजीचे थोरले दीर ‘बसऱ्याला’ गेले ते आलेच नाहीत. मेसोपोटेमिया (आजचा इराक) हा शब्द घरात कुणी कधी उच्चारला नाही. सगळं युद्ध म्हणजे बसरा. बिल्ला जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. खरं तर तो इंग्रजांचा सेंट जॉर्ज. आजी त्याला खंडोबा म्हणायची आणि दर दसऱ्याला हळदकुंकू वाहायची. त्या कुंकवाने घोड्याचे पाय आजही लालसर आहेत. कडेवर मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहे. नावाचं स्पेलिंग असं की आजोबांनी स्वतःच्या भावाला ओळखलं नसतं. तरी नाव आहे.

आता बसऱ्याचं पाहा. नोव्हेंबर १९१४ मध्ये आपली फौज तिथे उतरली, ती ‘पूना डिव्हिजन’. वर्षभरात ती बगदादच्या जवळपास जाऊन मार खाऊन परतली आणि टायग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूत गावात कोंडली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापायची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला आणि ते वाळत गेले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती पडली. त्यातली कितीतरी पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत गेली. पहिल्या महायुद्धात ७४,००० हून अधिक भारतीय मेले, असं आपण भाषणांत म्हणतो. पण भाषणातली माणसं फ्रान्सच्या खंदकातली असतात. सगळ्यात जास्त भारतीय गेले ते मेसोपोटेमियात, आणि मराठी शिपायाचं युद्ध प्रामुख्याने तिथलंच.

ज्यांची कबर सापडत नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. त्यावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा: इतर इतके. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये या दुजाभावाची कबुली दिली, माफी मागितली. हे कळलं तेव्हा मी उठून बिल्ला पुन्हा पाहिला. ज्यांना बोटभर चांदीच्या कडेवर नाव कोरता आलं, त्यांना एवढ्या भिंतीवर जागा मिळाली नाही?

सरकारला माणसं हवी असत तोवर दार उघडं. महारांची भरती बंद करून टाकलेली होती. १९१७ मध्ये अडचण झाली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. पुन्हा १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत लोकमान्यांनी भरतीबरोबर हक्कांचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिलं नव्हतं, हेही त्या लेखात यायला हवं होतं.

पण सगळं इंग्रजांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. आमच्या गावच्या चावडीत संगमरवरी फरशी आहे: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. अशा फरश्या सातारा भागात आणखीही दिसतात; अपशिंगे मिलिटरी या गावाने तर त्या एका युद्धात ४६ माणसं गमावली. आमची फरशी गेल्या वर्षी नूतनीकरणात ऑइलपेंटखाली गेली. गेलेल्यांच्या आकड्यातला पहिला ३ अजून दिसतो, दुसरा अंक दिसत नाही. ग्रामसभेत विचारलं तर एक तरुण सदस्य म्हणाला, ‘काकू, ती इंग्रजांची पाटी आहे.’

इटलीतल्या मोंटोने या लहानशा गावाने २०२३ मध्ये माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक केलं. घाडगे १० जुलै १९४४ ला तिथल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मोंटोनेकरांना हे सुचलं, नि आम्ही ऑइलपेंट मारतोय. रागाने लिहितेय, पण काय करणार!

लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या ३ लाखांहून जास्त सैनिकांच्या नोंदी निघाल्या, गाववार. आपल्याकडची तालुकावार यादी मला तरी कुठे पाहायला मिळाली नाही. ती होईल तेव्हा होवो. तोवर ज्यांच्या घरी असा बिल्ला असेल त्यांनी तो मोडीत घालू नये. भिंग घेऊन कडेवरचा मजकूर वहीत उतरवून घ्यावा, आणि घासून उजळवू नये, कारण अक्षरं फार उथळ असतात. आमच्या बिल्ल्यावरचा नंबर मी ग्रामसेवकांना लेखी दिलाय आणि अर्जाची पोच मागून घेतलीय. रंग काढायला दिवाळीनंतर माणूस पाठवतो म्हणाले आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा