बेल्टाच्या टोकाचा गाळ

सांगली, ११ जानेवारी

बंड्या,

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. कारणं सांगत बसत नाही, तू शिव्या घालून मोकळा हो. तब्येत ठीक. साखर गोळ्यांवर आहे, हिची पाठ अधूनमधून धरते. पत्राचं कारण वेगळंच आहे, आणि ते घरात सांगून कुणाला कळेना.

कुपवाडच्या शेडमधून करून घेतलेला माझा कॅम्पर, गाडीमागं ओढायची ती चाकांवरची खोली, तुला ठाऊक आहे. दोघांपुरता, रिकामा ६५० किलो. तो ओढायला आता जुनी पिकअप शोधतोय. मुलगा म्हणतो नवीच घ्या. पेन्शन त्याची आहे का? आधी एक बोलेरो कॅम्पर पिकअप बघितली. ही म्हणाली, "कॅम्परला कॅम्पर बांधणार?" गाडी वाईट नव्हती रे, पण पिवळी पाटी, म्हणजे धंद्याची गाडी, आठ वर्षांच्या वरची, म्हणजे दरवर्षी फिटनेससाठी आरटीओच्या दारात. शिवाय ताकद बेताची. सपाटीला ओढेल, कुंभार्ली घाटात मात्र आपल्या राजदूत फटफटीसारखी घाम फोडेल.

राजदूत निघालीच आहे तर ऐक. पिस्टन धरला तेव्हा तू रंग बघून गाडी घेतलीस म्हणून मी चाळीस वर्षं तुला बोलतोय. त्या दिवशी पेट्रोलात ऑइल टाकायला मी विसरलो होतो. झालं, लिहून टाकलं. पिस्टनचे निम्मे पैसे मात्र परत मागू नकोस.

हां, वजन. कॅम्पर सामान भरून कारखान्याच्या काट्यावर नेला. गळीत हंगाम जोरात, पुढं ऊसवाल्यांची ही रांग. भरून ९०० किलो भरला. मग नाकाचं, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाचं, नुसतं पुढचं चाक काट्यावर ठेवलं, तर जेमतेम ४०. मागच्या ट्रॅक्टरचा पोरगा, दोन ट्रॉल्या जोडलेला, उतरून आला, एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "सायेब, बूड जड झालंय. पळवला की शेपूट हाणंल." मी पाटबंधाऱ्यातला इंजिनिअर, आणि हे मला ऊसवाल्यानं सांगावं! नाकावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हवा. पाण्याची टाकी मी मागं बसवली होती, भरली की ६० किलो तिचेच. ती चाकांच्या पुढं घेतली, सिलिंडरही पुढं आणला. आता नाक ९५ दाखवतंय. जाता जाता पोरगा आणखी एक बोलला, "वडायचं सोपं असतंय, उतरणीला मागनं ढकलतंय त्याचं बघा." तेव्हापासून मी गाडीच्या ओढीपेक्षा ब्रेकचंच जास्त विचारतो.

तर परवा साताऱ्याला गेलो. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, २०१७ ची, पांढरी पाटी, म्हणजे खासगी, फोर बाय फोर, अडीच लिटरचं इंजिन. आरसी २०३२ पर्यंत. तोवर माझं फिटनेस संपणार की तिचं, हा प्रश्न आहेच. किंमत ऐकून मी हुरळलो. इंजिन गार असतानाच चालू करायला लावलं, ऑइलचं झाकण काढून धूर मारतंय का बघितलं, फिरवून आणली. सगळं झकास. पाटी एम एच १०. विकणारा म्हणाला, "सांगलीच्या एका डॉक्टरांची, एकहाती."

मग कुणास ठाऊक का, मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला.

हातभर बेल्ट स्वच्छ, धुतलेला. त्याच्या पुढं वीतभर तपकिरी. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, बोटांत चोळला तर मैद्यासारखा मऊ. नाकाशी नेला. बंड्या, तोच वास. तुझ्या माजघरातला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलावर कृष्णेचं ५७ फुटांच्या वरचं पाणी मी वहीत लिहीत होतो, ४५ ची धोक्याची रेघ कधीच खाली गेली होती, आणि तुझ्या माळ्यावर तांदळाचं पोतं भिजत होतं. नंतर आपण घमेल्यांनी काढलेला गाळ. तिसऱ्या दिवशी तू फावडं टाकून "मी पुण्याला चाललो" म्हणालास, आणि मी तुला भेकड म्हटलं. तेही त्या राजदूतच्याच खात्यात टाक.

मी विचारलं, "पुरातली आहे?" तो म्हणाला, "छे, धुताना पाणी गेलं असंल." फ्यूज बॉक्स उघडला तर कनेक्टर हिरवे पडलेले. किंमत आणखी पन्नास हजारांनी उतरली. मी निघून आलो.

आलो खरा, पण रात्री झोप नाही. असलं वायरिंग आज चालतं आणि उद्या घाटात अंधारात मरतं, हे कळतं मला. तरी ती पिकअप आपल्या कुठल्या गल्लीत उभी होती, याचाच विचार. आणि २०१९ झालं, मग २०२१ ला पुन्हा; आता इथली प्रत्येक स्वस्त गाडी मला बुडालेली दिसते. रत्नागिरीची एक सांगून आलीय, तर खाऱ्या हवेनं चेसी खाल्ली असेल ही धास्ती. ही म्हणते, तुम्हाला गाडी नको आहे, तुम्हाला बेल्ट ओढत फिरायचं आहे.

तुझ्या गुडघ्याचं ऐकलं. काठी सुटली का? नातीचं बारसं चुकलं, वहिनींना माझी माफी सांग.

वाईला एक महिंद्राची गेटअवे पिकअप आहे, घरच्या माणसाची. पुढच्या रविवारी बघायला जातोय. तू पुण्याहून ये, खंबाटकी उतरलास की वाई आलीच. पत्र्याला पुट्टी भरलीय का बघायला तुझं ते लोहचुंबक लागेल. फिरवून बघायचं काम तुझ्याकडे, बेल्ट मी ओढीन. भडंग आणतो, तिखट.

तुझा,
अण्णा