जिवाचा नांगर

चि. बाळा,

प्रभूच्या नावात तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी सवयीने म्हणून गेलो, "देवावर आशा ठेव, सगळं ठीक होईल." तू म्हणालीस, "पप्पा, हे वाक्य आता मला नका सांगू." मग बराच वेळ दोघंही गप्प होतो. तुझ्याकडून नळाचा आवाज येत होता, भांडी घासत होतीस बहुतेक. फोन ठेवल्यावर मला तुझं बोलणं लागलं नाही, माझंच लागलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग शास्त्रातला होता, दुसरा मी पदरचा जोडला होता. सगळं ठीक होईल, हे मला कोणी सांगितलंय? डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, आणि देवानेही त्या शब्दांत सांगितलेलं नाही. समोरच्याचं दुःख ऐकवेनासं झालं की आपण हे वाक्य पुढे करतो. मी तेच केलं. माफ कर.

जावईबापूंचा आजार उलटला याहूनही एक गोष्ट तुला जास्त खातेय, असं मला वाटतं. मागच्या वेळी ते बरे झाले तेव्हा तू चर्चमध्ये मंडळीपुढे उभी राहून देवाने बरं केल्याची साक्ष दिली होतीस. आता त्याच लोकांसमोर कुठल्या तोंडाने बसायचं, असं तुला वाटत असेल. बाळा, ती साक्ष खोटी नव्हती. त्या दिवशी जे झालं होतं तेच तू सांगितलंस. पुढच्या सगळ्या दिवसांचा जामीन काही तू घेतला नव्हतास.

तू सात-आठ वर्षांची असताना मला एक प्रश्न विचारला होतास, आठवतं? बायबलमधलं इब्री लोकांस पत्र, सहावा अध्याय. आशा ही "जिवाचा नांगर" आहे असं तिथे लिहिलंय. तू विचारलंस, "पप्पा, म्हणजे देव आपला जीव नांगरतो?" मी हसलो आणि समजावलं, हा शेतातला नांगर नव्हे, जहाजाचा. मोठ्या ऐटीत समजावलं. खरं तर जहाजाचा नांगर कसा धरतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? लोखंडाचा जड गोळा, त्याच्या वजनाने जहाज जागेवर राहतं, एवढीच माझी समज.

पुढे बोटीवर काम केलेल्या एका माणसाने मला ते नीट सांगितलं. नुसत्या वजनाचं काम नाही ते. नांगराला दाते असतात आणि ते तळाच्या मातीत रुततात. साखळी सैल, लांब सोडलेली असली, तिचा बराच भाग तळावर आडवा पडलेला असला, तरच ओढ आडवी बसते आणि दाते खोल जातात. साखळी आखूड असेल तर जहाज उसळलं की नांगर वर उचकटतो. म्हणून पाणी जेवढं खोल, त्याच्या निदान पाचपट साखळी सोडायची, वादळात सातपट, त्याहूनही जास्त. मला वाटायचं वादळात साखळी आवळून धरत असतील. ते उलट आणखी सोडतात. आणि हो, दाते रुतताना माती नांगरली जाते. तेव्हा तुझंही अगदीच चुकलं नव्हतं.

हे ऐकलं तेव्हा मला स्तोत्रसंहिता निराळी दिसायला लागली. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीचा आहे. तेराव्या स्तोत्रात "किती वेळ?" हा प्रश्न सुरुवातीलाच चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीव्यात तर शेवटपर्यंत उजेडच नाही, अंधारावरच ते संपतं. कोणी त्याला शेवटी एक गोड कडवं जोडलं नाही, की शास्त्रातून काढूनही टाकलं नाही. पण ओरडणारा माणूस ओरडतो कोणाकडे? देवाकडेच. ती सोडलेली साखळी आहे. तू परवा म्हणालीस की प्रार्थनेला बसले की फक्त राग येतो. मग रागच सांग. देवाशी चांगलं-चांगलं बोलायचं म्हणून तू साखळी आखूड करू नकोस.

हिब्रू भाषेत आशेला तिक्वा म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरातल्या राहाबेने, तिने लपवलेल्या इस्राएली हेरांच्या सांगण्यावरून, आपलं घर वाचावं म्हणून खिडकीला किरमिजी दोरी बांधली, तिथे हाच शब्द आहे. दोरी बांधून, घरच्यांना घरात जमवून झाल्यावर तिच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शहराला वेढा पडणार होता आणि तिचं घर गावकुसावरच होतं. त्या दिवसांत तिला आशादायक वगैरे वाटत असेल, असं मला नाही वाटत. दोरी मात्र खिडकीला होती.

प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय. सध्या मी तोच वाचतोय, रोज थोडा थोडा. प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, जहाजावर 276 माणसं. वादळ इतकं की कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. हे पुस्तक लिहिणारा लूक स्वतः त्या जहाजावर होता आणि तो सरळ लिहितो की आपण वाचू अशी आशा आम्ही सोडून दिली. "आम्ही" लिहितो, "ते" नाही. विश्वास ठेवणाऱ्याची आशा सुटू शकते हे शास्त्रातच लिहून ठेवलंय, आणि पुढे त्याबद्दल कोणी त्याला रागावलेलंही नाही.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो. ते दोरी सोडून पाणी मोजतात, वीस वाव. थोडं पुढे गेल्यावर पंधरा वाव. अंधारात खडकावर आपटू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडायची वाट बघत बसतात. त्या चार नांगरांनी वादळ थांबलं नाही की उजाडलंही लवकर नाही. रात्रीत जहाज खडकावर गेलं नाही, एवढंच झालं. तुझ्या आत्ताच्या दिवसांत मी तुझ्यासाठी एवढंच मागतो. सकाळपर्यंत.

आणि त्या अंधारात पौल काय करतो? प्रवचन देत नाही. लोकांना म्हणतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, आता काही खा. भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो, स्वतः खायला लागतो. मग बाकीच्यांनाही धीर येतो आणि तेही खातात. (म्हणून तर मी दर फोनला जेवलीस का विचारतो. तुला त्याचा वैताग येतो, येऊ दे.)

सकाळी जहाज फुटलं. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. देवाने पौलाला आधीच सांगितलं होतं की जहाज जाईल, माणूस एकही जाणार नाही. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी जहाजाच्या तुकड्यांवर, सगळे किनाऱ्याला लागले. पण पौलाला त्या प्रवासापुरतं तसं स्पष्ट वचन होतं. तुझ्या घरासाठी तसं वचन माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं भासवणाऱ्या माणसापासून तू सावध राहा. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन सगळे कार्डावर छापतात, हिताच्या संकल्पांचं. दहावं कोणी छापत नाही. त्यात बाबेलच्या बंदिवासातून परतायला सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय. यिर्मयाने बंदिवानांना लिहिलेलं ते पत्र ज्यांच्या हातात पडलं, त्यांच्यातले बहुतेक परत जायला उरणार नव्हते.

मग मी कशाच्या जोरावर तुला आशेबद्दल लिहितोय? तुझ्या आईच्या वेळचं सांगतो, आजवर सांगितलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात वॉर्डात रात्री मी सलाईनचे थेंब मोजत बसायचो. प्रभूची प्रार्थना सुरू करायचो आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथे आलो की तोंड बंद व्हायचं. सरळ पुढच्या ओळीवर जायचो, "आमची रोजची भाकर". काही दिवसांनी तेही होईना. मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे, स्टुलावर बसायचे आणि ती प्रार्थना स्वतःच म्हणायचे. मी म्हणतोय की नाही, याकडे बघायचे नाहीत. त्या ओळीवर आले की आवाज थोडा खाली आणायचे, जसं काही ती ओळ माझ्या वाटणीची होती आणि ते उसनी म्हणत होते. दुसरे एकजण आले होते, ते म्हणाले, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय. त्यांचंही बोलणं मी विसरलो नाही, पण ते वेगळ्या कारणाने. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते. तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

आई गेली. मी मागितलं होतं ते मिळालं नाही. दफनाच्या वेळी पाळकसाहेब "मीच पुनरुत्थान व जीवन आहे" वाचू लागले तेव्हा मला गहिवर आला नाही, सांत्वन वाटलं नाही, काहीच वाटलं नाही. पण ते शब्द माझ्या वाटण्यावर टेकलेले नव्हते, हे त्या दिवशी मला कळलं. इब्री लोकांस पत्रातला नांगर खाली समुद्रात जात नाही. तो मंदिरातल्या पडद्याच्या आत, देवाजवळ जातो, जिथे येशू आपल्याआधी गेला आहे. म्हणजे दाते रुतलेत ते माझ्या मनात नव्हे. माझं मन तर तेव्हा गाळ होतं. कधीतरी येशूची कबर रिकामी झाली, ती माझ्याकडे बघून झाली नव्हती, म्हणून मी कसाही असलो तरी ती रिकामीच. रोममधल्या भुयारी कबरस्तानांत, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या थडग्यांवर, त्या लोकांनी नांगर कोरलेले आहेत. मेलेल्या माणसाच्या नावाशेजारी नांगर. ज्यांचं जहाज बुडालेलं स्पष्ट दिसत होतं, त्यांच्यासाठी.

येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेने चाललेले त्याचे दोघे शिष्य आठवतात ना? "आमची आशा होती" असं ते म्हणाले. होती. भूतकाळ. आणि हे ते नेमकं उठलेल्या येशूलाच सांगत होते, वाटेत त्याच्याबरोबर चालत. त्यांनी त्याला ओळखलं नाही, तरी तो चालत राहिला. तू "होती" म्हणालीस तर मी घाबरणार नाही, हे तुला सांगायचं होतं.

आता कामाचं. रात्री जागायची पाळी एकटीने घेऊ नकोस. पुढच्या आठवड्यापासून दोन रात्री मी येऊन बसेन, बॅग भरून ठेवली आहे. तुझी झोप उडाली असेल तर डॉक्टरांना तेही सांग, तुझ्यासाठी. मंडळीत मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल, गायलं नाहीस तरी चालेल. साक्षीचं कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव.

आणि रोज रात्री नऊला मी फोन करेन. आशा ठेव असं म्हणणार नाही. तू फोन उचल आणि भांडी घासत राहा, बोलायची गरज नाही. मी प्रभूची प्रार्थना म्हणेन आणि ठेवेन. ती ओळ आली की तू गप्प राहा. तुझ्या वाटणीची मी म्हणतो.

तुझा,
पप्पा