विंटेज गिटारची मापे लेबलवर लिहा

महोदय,

दसऱ्याच्या मुहूर्तावर दोन-तीन लाखांची ‘विंटेज’ धाटणीची इलेक्ट्रिक गिटार घ्यायचा बेत ज्या घरात चालला असेल त्या घरासाठी हे पत्र आहे, आणि त्याहून जास्त ती विकणाऱ्यांसाठी. ही गिटार जुनी नसते. नवीच, पण जुन्या मापांवर बांधलेली असते. लेबलवर मात्र मापे नसतात, साल असते. १९५४ ची (फेंडर कंपनीची) स्ट्रॅट, १९५९ ची (गिब्सनची) लेस पॉल. गिऱ्हाईक साल ऐकून हरखते आणि घरी आल्यावर बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) पुढे तार ओढली की सूर मरतो म्हणून हळहळते. बहुतेक वेळा गिटारमध्ये दोष नसतो. ती त्या सालाशी इमान राखून बनवलेली असते, एवढेच.

फेंडरच्या जुन्या नेकचा (दांडीचा) फिंगरबोर्ड (तारा दाबायची फळी) सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोल. नटाजवळ (दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्याजवळ) कॉर्ड धरताना हा गोलावा हाताला फार सुखाचा वाटतो. पण वरच्या फ्रेटांवर पहिल्या, सगळ्यात बारीक तारेचा पूर्ण सुराचा बेंड घेतला (तार आडवी ओढून सूर चढवला) की तार उतारावरून बोर्डाच्या मधल्या उंचवट्याकडे सरकते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि आवाज गुदमरतो. म्हणून अशा नेकवर ॲक्शन (तारांची फ्रेटांवरची उंची) थोडी उंच ठेवावी लागते: सतराव्या फ्रेटपाशी सहावी तार सुमारे २ मिलिमीटर, पहिली १.६. त्याहून खाली हवी असेल तर साडेनऊ इंची बोर्ड घ्यावा. लेस पॉलचा बोर्ड बारा इंची असतो, तिथे ही अडचण क्वचितच येते. दुकानात तपासताना आधी पोलादी पट्टीने ॲक्शन मोजा. ती उंच ठेवली असेल तर बेंड स्वच्छच वाजणार, आणि तुम्हाला सोयीची ॲक्शन लावली की तोच बेंड मरणार. पट्टी झाली की ॲम्प बंद ठेवून बारा ते सतरा एकेका फ्रेटवर पूर्ण सूर ओढून पाहा.

दुसरी गोष्ट ट्रस रॉडची (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीची), आणि नाशिककरांनी ती नीट ऐकावी. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि थंडीपासून मेपर्यंत सुकत जाते. त्यामुळे नेकचा बाक वर्षातून निदान दोनदा बदलतो. तो सारखा करायचा ट्रस रॉडचा नट (हा फिरवायचा, तारांच्या खाचांचा नट वेगळा) जुन्या मापाच्या फेंडरमध्ये नेकच्या बुडाशी, बॉडीच्या खाचेत दडलेला असतो. म्हणजे दर वेळी तारा सैल करायच्या, मागचे चार स्क्रू काढायचे, नेक उचलायचा, रुंद पात्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने नट आठवा हिस्साच फिरवायचा (बाक जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने) आणि सगळे परत जोडून, सूर लावून मोजायचे. एका झटक्यात क्वचितच जमते. अरुंद पाते वापरले तर नटाच्या खाचा झिजतात. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मगच सुलटा. नाहीतर मेपलच्या लाकडात नवे आटे पडतात आणि दोन-चार वर्षांत नेक हलू लागतो. हे करायची किंवा करून घ्यायची तयारी नसेल तर हेडस्टॉकपाशी (खुंट्यांच्या टोकापाशी) ट्रस रॉडचा नट असलेला नेक घ्या. आवाजात त्याने काही बिघडत नाही.

कोरड्या महिन्यांत आणखी एक होते: बोर्ड आकसतो आणि फ्रेटांची टोके कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात. लगेच कानस लावू नका. गिटारच्या केसमध्ये (पेटीत) आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर ठेवून दोन-तीन आठवडे थांबा. बरीच टोके आपोआप आत जातात. जी उरतील तेवढीच घासा. जुन्या मापाचे फ्रेट बारीक आणि बुटके, उंची जेमतेम १.१ मिलिमीटर, त्यामुळे लेव्हलिंगला (फ्रेट घासून एका पातळीत आणायला) वाव थोडा. मेपल बोर्डावर लॅकर (चकचकीत लेप) असेल तर फ्रेट बदलताना लॅकर उडते आणि काम महागात जाते.

पिकअपबाबत (तारांचे कंपन विजेत उतरवणाऱ्या चुंबकी भागाबाबत) सगळ्यात जास्त फसगत होते ती तिसऱ्या तारेवर. जुन्या स्ट्रॅटच्या पिकअपमधले सहा लोहचुंबक एका पातळीत नसतात, आणि तिसऱ्या तारेखालचा बराच वर आलेला असतो. त्या काळी तिसरी तार गुंडाळीची (वरून बारीक तार गुंडाळलेली) असे, तिचा आवाज दबका, म्हणून चुंबक उंच. आज आपण साधी तार लावतो आणि ती बाकीच्यांवर ओरडते. हा चुंबक दाबून खाली करायचा मोह होतो. तो आवरा. या पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याची तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते. चुंबक सरकला की ती तुटते आणि पिकअप मुका होतो. साधी तार वाजवणाऱ्याने सपाट चुंबकांचा पिकअप मागावा. तसेच मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा आहे का, हेही विचारा. अस्सल जुन्या मापात तो तसा नसतो, म्हणून दोन पिकअप एकत्र लावले तरी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घूं कमी होत नाही. घरात अर्थिंग कच्चे असेल तर ती आणखीच वाढते. आणि जुन्या वायरिंगमध्ये ब्रिजच्या (तारांच्या बुडाकडच्या) पिकअपला टोनचा कंट्रोलच नसतो. ती कर्कश धार सोसत नसेल तर एका छोट्या वायरीचे काम आहे, पण आधी माहीत असलेले बरे.

तारांच्या नटाची खाच कशी बसली आहे हे कानानेच कळते. मोकळी तार छेडल्यावर सतारीच्या जवारीसारखा झणझणाट आला तर खाचेचा उतार चुकला आहे. सतारीत तो कारागीर मुद्दाम घासून आणतो. मिरजेच्या कारागिरांची अर्धी कीर्ती त्यावर उभी आहे. गिटारमध्ये तो दोषच. खोली पाहायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा: साध्या कागदाएवढी हवी. फटच नसेल तर नट बदलावा लागेल.

लेस पॉल घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी कराव्यात. सामान तोलायच्या काट्यावर ती तोलावी. चार किलोच्या पुढे गेली तर दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा सांगतो. आणि नटाच्या मागे, हेडस्टॉक मागे झुकतो तिथे टॉर्च तिरपा धरून केसासारखी भेग दिसते का पाहावे. महोगनी तिथेच ट्रस रॉडसाठी पोखरलेली असते, गिटार पडली की तिथेच मोडते.

नायट्रो लॅकरचा पातळ थर दिसतो देखणा. पण साध्या स्टँडचे रबर त्याला चिकटून कायमचा डाग पाडते. तिथे सुती कापड गुंडाळा. निफाडचा पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत कुरियरने खोके आले तर रात्रभर घरात बंदच ठेवा. एकदम उबेत उघडले तर लॅकरला तडे जातात. मुद्दाम झिजवलेल्या फिनिशचे जादा पैसे दिसण्याचे असतात. आवाजासाठी ते मोजू नयेत.

अशी गिटार नाशिकमध्ये हातात घेऊन पाहायला क्वचितच मिळते. कसारा घाट उतरून मुंबईला जावे लागते, नाहीतर फोटोवर विसंबावे लागते. म्हणून विक्रेत्यांना आग्रहाची विनंती आहे: लेबलवर सालाखाली वजन, बोर्डाची त्रिज्या, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी नेकची जाडी, फ्रेटची उंची, ट्रस रॉडच्या नटाची जागा आणि मधल्या पिकअपची गुंडाळी लिहा. कुरियरने पाठवणार असाल तर त्याच गिटारचे, सतराव्या फ्रेटवर पट्टी लावून काढलेले फोटो आधी द्या, आणि गिटारचा नंबर बिलावर लिहा. या सगळ्याला कॅलिपर, पट्टी, काटा आणि फार तर पंधरा मिनिटे लागतात.

– गिटार शिकवणारे व दुरुस्त करणारे काही वाचक,
गंगापूर रोड, नाशिक