हातमोजे शिवण्याच्या संचातील सदोष कटिंग व चुकीची माहितीपुस्तिका याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'घरी शिवा हातमोजे' संचातील पट्ट्या, अंगठे व सुया बदलून मिळणे आणि पुस्तिका दुरुस्त करणे.

महोदय / महोदया,

शिवणवर्गासाठी आपले ७½ मापाचे चार संच मागवले होते. चारही पाकिटांत त्याच चुका निघाल्या, त्यामुळे दोष एखाद्या पाकिटाचा नाही, कटिंगचा आणि पुस्तिकेचा आहे. पुस्तिकेत लिहिलंय तसंच शिवत गेलं तर मोजा हातात जाणारच नाही. आपला कागदी पॅटर्न मात्र मेहनतीने आखलेला आहे, म्हणून इतक्या बारकाईने लिहीत आहोत.

सर्वांत मोठी चूक शिलाईच्या मार्जिनची. पुस्तिका सांगते, 'सर्व बाजूंनी १ सेंमी सोडून टीप घाला.' आता संचातली, दोन बोटांच्या मधे बसणारी पट्टी फूटपट्टीवर ठेवून बघा. तिची रुंदी भरते १८ मिमी. दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर धरला तर २० मिमी कापड लागतं, म्हणजे पट्टी पुरतसुद्धा नाही. पॅटर्न आखलाय तो ३ मिमी मार्जिन धरून. तेवढंच घेतलं तर १२ मिमी उरतात आणि बोटाची जाडी त्यात नीट सामावते. एक सेंटिमीटर ब्लाउजला, कुर्त्याला ठीक. मोज्यात शेजारशेजारच्या दोन बोटांमध्ये फक्त एक चीर असते, तिथे जास्तीचं कापड येणार कुठून?

दुसरी चूक याच पट्ट्यांच्या कटिंगची. संचातलं लायक्रा मिसळलेलं सुती होजिअरी कापड आडवं ओढलं तर १० सेंमीचं १४ सेंमी होतं; उभं ओढलं तर जेमतेम ११. हा आडवा ताण हाताच्या घेराभोवती यावा लागतो आणि पट्टीत तो तिच्या रुंदीत यावा लागतो. पंजाचा मुख्य भाग आपण बरोबर कापलाय, पट्ट्या मात्र ९० अंशांनी फिरवून. त्यामुळे मशिनच्या पायाखाली पट्टी लांबत जाते, बोटाच्या टोकाला चार-पाच मिमी जास्त उरते आणि बोट पिळवटतं. शिकणारी मुलगी चुण्या बघून उसवते, पुन्हा शिवते, पट्टी आणखी ताणली जाते. दोष तिच्या हाताचा नसतो.

अंगठ्याचे दोन्ही तुकडे एकाच, डाव्या हाताचे आहेत. कापड दुहेरी घडी घालून न बेतता एकेरी थरावर एकच साचा दोनदा ठेवला की असं होतं. तुकडा उलटवून लावायची सोय नाही, कारण या कापडाला सुलट-उलट आहे: सुलट बाजूला बारीक उभ्या वेण्या दिसतात, उलट बाजूला आडवे फास. उलटवलेला अंगठा बाकीच्या मोज्यावर चटकन वेगळा दिसतो.

सुई ९०/१४ नंबरची (जाड), साध्या टोकाची दिली आहे. ती या कापडात टाके सोडते आणि होजिअरीचा धागा तोडून भोकं पाडते. मोजा दोन-तीनदा घातला की भोकापासून फास सुटत जातात. इथे गोल टोकाची, स्ट्रेच कापडासाठीची ७५/११ हवी. टाका २ मिमी आणि अर्धा मिमी रुंदीचा झिगझॅग ठेवला तर टीप कापडाबरोबर ताणते. पुस्तिकेतली सरळ टीप हात घालताना तटातटा तुटते.

मापाच्या तक्त्याचंही तेच. अंगठा सोडून पंज्याचा घेर १९ सेंमी भरला तर आपला तक्ता तो साध्या इंचांत मोजून ७½ सांगतो. पॅटर्नवर ७½ चा शिवून होणारा घेर येतो २० सेंमी ३ मिमी. म्हणजे आखणी हातमोज्यांच्या जुन्या फ्रेंच इंचात झाली आहे, आणि तो इंच सुमारे २७ मिमीचा असतो. त्या हिशेबाने १९ सेंमीच्या हाताला ७ नंबर बसतो. स्कूटरवर ब्रेक धरताना तळव्यावर सव्वा सेंटिमीटर सैल कापड गोळा होणं त्रासाचं आहे, आणि पाकिटावर तर आपण उन्हात स्कूटर चालवणाऱ्यांसाठीच म्हणून छापलं आहे.

शिवण्याचा क्रमही उलटा दिला आहे. करंगळीकडची बाजू आधी मिटवली की अंगठा लावायला सपाट कापडच राहत नाही. आधी अंगठा, मग तीन पट्ट्या, शेवटी बाजू. पट्टीची टीप बेचक्यातून टोकाकडे घालायची, कारण बेचका तंतोतंत जुळायला हवा. थोडं कमी-जास्त झालं तर ते टोकाला सावरता येतं. बेचक्यावर सुई कापडात ठेवून पाय उचलायचा, कापड वळवायचं, आणि नंतर टाक्यापासून १ मिमी अलीकडे थांबेल असा कातरा द्यायचा. कातरा दिला नाही तर बेचक्यात झोळ राहतो, जास्त गेला तर पहिल्याच दिवशी तिथून फाटतं. बंडीच्या काखेत चौबगला (काखेतला जोडतुकडा) लावताना जी काळजी घेतात तीच ही. याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही.

तरी कृपया:

चारही संचांसाठी आडव्या ताणावर नीट कापलेल्या पट्ट्या (प्रत्येकी ६), उजव्या हाताचे अंगठे आणि ७५/११ च्या स्ट्रेच सुया पाठवाव्यात. १९ सेंमी घेराच्या हातासाठी ७ मापाचा पॅटर्नही द्यावा. पुस्तिकेतील मार्जिन, क्रम आणि मापाचा तक्ता दुरुस्त करून ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला आहे त्या सर्वांना नवीन प्रत पाठवावी. दुरुस्त होईपर्यंत संचाची विक्री थांबवावी.

पावतीची प्रत, फूटपट्टीवर ठेवलेल्या पट्टीचे आणि दोन्ही डाव्या अंगठ्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. न शिवलेले दोन संच जसेच्या तसे ठेवले आहेत, तपासणीसाठी मागवल्यास पाठवू. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपल्या ग्राहक,
शिवणवर्गाच्या शिक्षिका