हार्टसाहेबांचा बँड आणि अफूची पेटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकात चिनी सरकारच्या जकात खात्याचे प्रमुख असलेल्या सर रॉबर्ट हार्ट यांच्यावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्या वाचनात वाटलं, अफूचा परिच्छेद माझ्याच नजरेतून निसटला. निसटला नव्हता, तो नव्हताच! दीपगृहं आली, १८९६ची टपालसेवा आली, साहेबांच्या ब्रास बँडला तर पाव पान. आणि ब्रिटन-चीनमधला १८८५चा अफूचा करार? त्यानुसार शंभर कॅटींच्या (सुमारे साठ किलोंच्या) पेटीमागे ३० ताएल (चांदीचं चिनी वजनमाप) जकात आणि ८० ताएल लिकिन, म्हणजे देशांतर्गत वाहतुकीवरचा कर, ठरलं. वसुली हार्टच्याच खात्याकडे आली. यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढायची. मुंबईच्या वाचकाला एवढं सांगितलं असतं तर बँडचे सूर बिघडले असते का?

माझं दुखणं जरा खासगी आहे. याच विषयावर दोन वर्षांपूर्वी मी आपल्याकडे लेख पाठवला होता. हातानं लिहिलेले अकरा कागद. तीन आठवड्यांनी फोन आला, "काका, छान आहे, पण ताएल, लिकिन कोण वाचणार? शिवाय चीनचं सध्या निमित्त नाही." मी म्हटलं, लिकिन काढून टाका, अफू ठेवा. "बघतो," म्हणाले. अजून बघताहेत. आता कोणतं निमित्त सापडलं, ते लेखात काही दिसलं नाही.

लेखकाबद्दल आदर आहेच. पण 'इंग्रज साहेब' किती वेळा? गृहस्थ आयर्लंडमधल्या पोर्टाडाउनचे. आपण चिनी सरकारचे पगारी नोकर आहोत, हे हाताखालच्या गोऱ्यांना त्यांनी १८६४ सालीच परिपत्रक काढून बजावलं होतं. १९०० साली परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांच्या वेढ्यात पेकिंगमधलं (आजचं बीजिंग) त्यांचं घर जळालं, ते गेले असं समजून लंडनच्या 'टाइम्स'नं मृत्युलेखसुद्धा छापून टाकला. तरी नंतरच्या निबंधांत त्यांनी बॉक्सरांना देशभक्त म्हटलं, चीनचे तुकडे पाडण्याला विरोध केला. असा माणूस अफूसकट दाखवला असता तरी लहान झाला नसता. माझ्या सातव्या कागदावर नेमकं हेच होतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे

ता.क. शब्दकोड्याची उत्तरं दोन रविवार छापलेली नाहीत. आणि ते अकरा कागद कृपया परत पाठवावेत, मी झेरॉक्स काढलेली नाही.